कॉफीतला सोमल, पंपातला सोमल

बारावीच्या प्रॅक्टिकलला सॉल्ट अ‍ॅनालिसिस करताना येणारा तो सडक्या अंड्यांचा वास आठवतोय? हायड्रोजन सल्फाइड. याच वायूने जेम्स मार्श नावाच्या केमिस्टला भर कोर्टात तोंडघशी पाडलं होतं. आणि त्या फजितीतून त्याने जी टेस्ट काढली, तिच्याच जोरावर आज बंगालातल्या हातपंपांचं पाणी गावात बसून तपासता येतं.

मार्शचा जन्म १७९४चा. लंडनजवळ वूलविचला, दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात तो काम करायचा. मिलिटरी अकॅडमीत मायकेल फॅरडेचा मदतनीसही होता. १८३०च्या दशकात शेजारच्या प्लमस्टेडमधले बॉडल आजोबा कॉफी प्यायल्यावर आजारी पडून वारले. संशय नातवावर. विष सोमलाचं, म्हणजे आर्सेनिकचं; ना वास, ना चव. मार्शने नमुन्यात वायू सोडला, पिवळा साका मिळालाही. पण खटला उभा राहीपर्यंत तो खराब झाला आणि ज्यूरीला धड काही दिसलंच नाही. नातू सुटला. पुढे त्याने खून कबूल केला!

विचार करा, उत्तर बरोबर आहे आणि दाखवता येत नाही. मार्श चिडून कामाला लागला. १८३६ मध्ये त्याची नवी टेस्ट छापून आली. नमुन्यात जस्त आणि अ‍ॅसिड टाकायचं. आर्सेनिक असेल तर आर्सिन वायू निघतो. तो पेटवून ज्योतीवर चिनी मातीची थंड बशी धरली, की तिच्यावर काळपट, चकचकीत थर बसतो. मिलिग्रॅमचा पन्नासावा भागही दिसायचा. (आर्सिन जीवघेणा आहे, हॉस्टेलवर प्रयोग नकोत.) मार्शला सोन्याचं मेडल मिळालं, पैसा नाही. १८४६ मध्ये तो गेला तेव्हा बायको-मुलं हलाखीत होती.

पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात हातपंपांच्या पाण्यात जमिनीतलाच सोमल उतरतो. पाणी दिसतं नितळ. वर्षानुवर्षं पोटात गेलं की तळहात खडबडीत होतात, कॅन्सरही होतो. लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा. पण प्रत्येक पंपाचं पाणी शहरातल्या लॅबला कधी पोचणार? म्हणून किट गावात नेतात. तिच्या बाटलीत मार्शचीच केमिस्ट्री: जस्ताची पूड, अ‍ॅसिड, आर्सिन. ज्योत मात्र नाही. वर रसायन लावलेला कागद. ही कागदाची युक्ती गुट्झाइट या जर्मन केमिस्टची, १८७९ची. कागद पिवळा-तपकिरी झाला की रंग चार्टशी ताडायचा, अर्ध्या तासात अंदाज येतो. मर्यादेच्या आसपासच्या आकड्यांना किट गडबडते, तिथे लॅबच हवी. बांगलादेशात अशा तपासणीनंतर लाखो पंप रंगवले गेले: हिरव्याचं पाणी प्यायचं, लालचं नाही.