लीलावतीचे गुरुजी

गणिताचा तास आला की पोटात गोळा येणारे एखादे तरी मूल बहुतेक घरांत असते. याच्या डोक्यात गणित शिरतच नाही, असे म्हणून मोठी माणसे मोकळी होतात. चाळीसगाव तालुक्यात तिसरी-चौथीला शिकवताना मी हे अनेकदा ऐकले. अशा वेळी मला भास्कराचार्य आठवतात. त्यांचे नाव आपण ग्रह-ताऱ्यांशी आणि अवघड सिद्धान्तांशी जोडतो. मला ते जवळचे वाटतात ते एक समजूतदार गुरुजी म्हणून.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. घराणे शांडिल्य गोत्री, पिढ्यानपिढ्या विद्वानांचे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या परिसरातले विज्जलविड हे त्यांचे गाव. ते नेमके कोणते, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला भाग म्हणजे लीलावती.

लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती अडकला आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही कथा आपल्या ओळखीची आहे. मूळ संस्कृत ग्रंथात मात्र ती नाही. अकबराच्या काळात, १५८७ मध्ये, फैजीने केलेल्या फारसी भाषांतरातून ती पसरली. लीलावती मुलगी असो वा शिष्या, आचार्य कुणाला तरी मायेने समोर बसवून बोलत आहेत, हे वाचताना जाणवत राहते.

पुस्तकाची सुरुवातच पाहा. आधी बाजारातली नाणी आणि मापे येतात. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. जे हातात खेळते तिथून आरंभ, नियम नंतर. पुढे अपूर्णांकांसाठी भुंग्यांचा थवा येतो. पाचवा हिस्सा एका फुलझाडावर, तिसरा दुसऱ्यावर, या दोहोंतील फरकाची तिप्पट तिसऱ्यावर आणि एक भुंगा मधेच घुटमळणारा. उत्तर पंधरा.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो गुणाकार. १३५ ला १२ ने गुणायचे आहे. आचार्य त्यासाठी एकच वाट दाखवून थांबत नाहीत. बाराचे आठ आणि चार करा. किंवा दहा आणि दोन करा. आधी तीनने, मग चारने गुणा. नाहीतर विसाने गुणून आठपट वजा करा. कोणत्याही वाटेने गेलात तरी १६२० च येतात.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. पाटीवरचा गुणाकार दिसला की ती रडवेली व्हायची. तिची आई आठवड्याच्या बाजारात केळी विकायची आणि तिथे हीच मुलगी डझनांचा हिशेब तोंडी करायची. बारा म्हणजे दहा आणि वर दोन, ही तिची रीत. ती वहीत लिहायची सोय केल्यावर तिची भीती हळूहळू गेली. तिची रीत आठशे वर्षांहून जुनी आहे, हे सांगितल्यावर ती केवढी खुलली!

आचार्यांनी ११८३ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, करणकुतूहल हा आणखी एक ग्रंथ लिहिला. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव हे दोघेही यादवांच्या दरबारी होते. चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी आपल्या पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ मध्ये त्याला दान दिले. तो शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी जगापुढे आणला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. घाण्यामागे पळीभर तेल, गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या, अशा गावच्या बाजारातल्या वाट्यावर तो मठ चालायचा होता.

जळगाव-धुळ्याकडची किती तरी कुटुंबे पाटणादेवीच्या दर्शनाला जातात. मुलांना तिथे ही हकिगत जरूर सांगावी. खान्देशातल्या तेल्याने आणि गिऱ्हाइकाने गणिताच्या शिक्षणासाठी आपला वाटा दिला होता. आज आपल्याकडून मुलाला हवा आहे तो थोडा वेळ, मूठभर चिंचोके आणि पहिली वाट अडली तर दुसरी दाखवण्याचा धीर.