संख्यांचे सोबती कापरेकर

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या उलट वाचली तरी तीच राहते. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा तो वर्ग आहे. अशा संख्यांच्या अभ्यासाची कल्पना दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना डोंबिवली स्थानकावर सुचली. त्या स्थानकावरूनच त्यांनी या संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले.

कापरेकरांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ या काळात ते देवळाली येथे शाळाशिक्षक होते.

अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, म्हटले. वरील डेम्लो संख्येच्या अंकांची बेरीज ८१ येते आणि ८१ ने तिला निःशेष भागही जातो. म्हणजे ती हर्षदही ठरते.

पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शिक्षकाचे संशोधन अनेक गणितज्ञांना क्षुल्लक वाटले. निवृत्तिवेतन अपुरे पडल्याने उतारवयात त्यांना शिकवण्याही कराव्या लागल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील सदरातून त्यांची ओळख करून दिली आणि कापरेकरांचे नाव जगभर पोहोचले. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. ६१७४ हा अंक आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून जगभर ओळखला जातो. तोही हर्षदच आहे.