वाघूरकाठचा गिल

अजिंठ्याला जाणारे बहुतेक लोक फर्दापूरच्या बाजूने लेण्यांशी पोचतात. पायथ्याशी वाहन सोडायचे, पायऱ्या चढायच्या, ओळीने लेणी बघायची आणि संध्याकाळपर्यंत छत्रपती संभाजीनगर गाठायचे. पण या लेण्यांकडे यायची दुसरीही एक वाट आहे. ती लेणापूरच्या पठारावरून येते. माळ तुडवत आपण कड्याशी येतो आणि एकदम पायाखालची जमीन संपते. खाली वाघूर नदीने घेतलेले घोड्याच्या नालेसारखे वळण, पलीकडच्या काळ्या कातळात कोरलेली तीस लेणी आणि दरीच्या तोंडाशी सात कुंडांतून उतरणारे पाणी. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याची लेण्यांशी गाठ पडली ती याच रानात. त्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपले नाव कोरले आणि तो निघून गेला. त्याच्यानंतर पंचवीस वर्षांनी आलेला रॉबर्ट गिल मात्र परत गेलाच नाही.

गिलचा जन्म १८०४ सालचा, लंडनचा. ऐन विशीत तो कंपनी सरकारच्या मद्रास फौजेत दाखल झाला. हातात बंदूक आणि कुंचला दोन्ही सारख्याच सफाईने चालणारा हा माणूस. इकडे जेम्स फर्ग्युसन या वास्तुशास्त्राच्या अभ्यासकाने १८३९ मध्ये अजिंठा पाहिला होता आणि ही चित्रे फार काळ टिकणार नाहीत, निदान त्यांच्या प्रतिकृती तरी करून ठेवाव्यात असा आग्रह धरला होता. कंपनीने ते मान्य केले आणि १८४४ साली या कामावर कॅप्टन गिलची नेमणूक झाली. तेव्हा तो चाळिशीला आला होता.

मुक्काम अजिंठा गावात, बारादरीत. १८०३ मध्ये असईच्या लढाईतल्या जखमी इंग्रज शिपायांचा दवाखाना याच तटबंदीच्या गावात होता. गावातून लेण्यांकडे जायचे म्हणजे पठार ओलांडायचे, दरी उतरायची, वाघूर पार करायची आणि पुन्हा चढायचे. आज सिमेंटच्या पायऱ्या आणि पूल आहेत, तेव्हा पायवाटच होती. रानात वाघ होते, अस्वले होती. कड्यांना आग्यामोहोळे लटकलेली असत आणि लेण्यांत वटवाघळांचे राज्य होते. पावसाळ्यात वाघूर भरली की पलीकडचा माणूस पलीकडे. हे रान ज्यांच्या अंगाखांद्यावरचे होते त्या भिल्लांना या वाटा ठाऊक होत्या. साहेबाला त्या शिकाव्या लागल्या.

आणि काम तरी कसले? दगडावर चिखलाचा गिलावा, त्यात भाताचा तूस, वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर माती-दगडांचे रंग. इसवी सनाच्या पाचव्या शतकातली ही कारागिरी. बरेचसे गळून पडलेले, उरलेले धुराने आणि ओलीने काळवंडलेले. आत उजेड दाराच्या वाटेने येईल तेवढाच. अशा अंधारात डोळे फोडून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात तंतोतंत नक्कल करायची. एकेका चित्राला महिनेच्या महिने जात. मग ते गुंडाळून बैलगाडीने घाट उतरवायचे आणि बोटीने विलायतेला धाडायचे. असे त्याने १८६३ पर्यंत केले. सुमारे तीस चित्रे लंडनला पोचली.

या वर्षांत त्याच्या घरचे सुख फाटत गेले. पत्नी विलायतेला निघून गेली. अजिंठ्यात त्याला पारो भेटली. कवी ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यातून ही पारो घराघरांत नेली, २०१२ मध्ये त्यावर चित्रपटही आला. कविता आपल्या जागी खरी असते. पण कवितेआधी अजिंठा गावात एक थडगे आहे. २३ मे १८५६ रोजी पारो गेली आणि गिलने तिच्या नावाचा दगड उभा केला. गोरा अधिकारी आणि गावची बाई असे नाते त्या काळी झाकून ठेवायची रीत होती. गिलने ते दगडावर कोरून ठेवले. त्या माणसाचे आणखी वर्णन करायची गरज नाही.

तिच्या जाण्यानंतरही तो तिथेच राहिला. कुंचल्याच्या जोडीला त्याने कॅमेरा हाती घेतला. अजिंठा, वेरूळ, लोणारची देवळे त्याने टिपली. १८६४ मध्ये फर्ग्युसनने लेण्यांवर पुस्तक काढले, त्यात गिलची चौऱ्याहत्तर छायाचित्रे होती.

तिकडे लंडनमध्ये त्याची चित्रे सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. ३० डिसेंबर १८६६ रोजी तिथे आग लागली आणि जवळजवळ सगळी जळून गेली. अठरा-एकोणीस वर्षांचे काम एका दिवसात गेले. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रे वाचली, ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. बातमी कळली तेव्हा गिल बासष्ट वर्षांचा होता. या वयात माणूस हिशोब मिटवतो. गिलने तो मिटवला नाही, अजिंठा सोडला नाही.

१८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम नव्याने करू लागले. १८८५ मध्ये लंडनच्या आगीत त्यांचीही बरीच चित्रे गेली. दुर्दैव एवढ्यावर थांबत नाही. रंग उठून दिसावेत म्हणून त्या शतकातल्या नकलाकारांनी मूळ चित्रांवर रोगण चढवले होते. ते पुढे पिवळे पडले आणि सोडवता सोडवता पुरातत्त्ववाल्यांच्या नाकी नऊ आले. प्रेमानेही इजा होते, ती अशी.

एप्रिल १८७९ मध्ये आजारी गिलला भुसावळकडे नेत असताना त्याने देह ठेवला. भुसावळच्या युरोपियन दफनभूमीत त्याचे थडगे आहे. अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली वाघूरही त्याच खानदेशात उतरून तापीला मिळते.

मग त्याच्या जन्माचे फलित काय? नकला जळाल्या, असे म्हणून सोडून देता येत नाही. त्याची छायाचित्रे आणि वाचलेली चित्रे आज जुनी अवस्था पडताळायला उपयोगी पडतात. त्याच्या वेळी भिंतीवर असलेले पुष्कळ काही नंतर गळून गेले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, या दरीत काहीतरी मोलाचे आहे हे जगाला पटवायला एक माणूस पस्तीस वर्षे तिथे बसून राहिला. पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्याने लेण्यांची निगा घेतली, १९८३ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या सगळ्याच्या आधीची पायवाट गिलने मळली.

श्रावणात वाघूर भरून वाहते, तेव्हा मुलाबाळांना घेऊन एकदा पठारावरच्या वाटेने जावे. सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळावा. पायांत चांगले बूट असावेत, कड्याच्या टोकाशी पोरांचा हात घट्ट धरावा. आणि परतताना अजिंठा गावात थोडे थांबून पारोच्या दगडापाशी जाऊन यावे. लेण्यांइतकीच तीही बघायची जागा आहे, आणि तिला तिकीट लागत नाही.