डॉ. इमॅन्युएल लिबमन

डॉ. इमॅन्युएल लिबमन यांचा जन्म १८७२ साली न्यूयॉर्क येथे एका यहुदी कुटुंबात झाला. १८९४ साली कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर होऊन ते माउंट सिनाई इस्पितळात लागले. मध्यंतरी युरोपात ग्राझ येथे प्रो. एशरिख यांच्याकडे जंतुशास्त्राचे काम केले. बाकी सारे आयुष्य माउंट सिनाईतच गेले. लग्न केले नाही.

त्यांचा खास विषय म्हणजे हृदयाच्या आतील अस्तराला जंतूंमुळे येणारी सूज. लहानपणी घसा धरतो, सांधे सुजतात, ताप उतरतो आणि घरचे विसरून जातात. पण हृदयाची झडप अधू होऊन बसते (असे रोगी हिंदुस्थानात आपण पुष्कळ पाहिले), आणि पुढे रक्तात शिरलेले जंतू तिच्यावरच घर करतात. मग बारीक ताप आणि थकवा. त्या काळी यावर औषध नव्हते.

लिबमन आधी रोग्याकडे नुसते पाहत. पापणीच्या आतले लाल ठिपके, फुगलेली बोटांची टोके, दूध घातलेल्या कॉफीसारखा चेहऱ्याचा रंग. नंतर प्लीहा चाचपीत, हृदयाची घरघर ऐकत. नजरेबद्दल त्यांची ख्याती फार होती. परंतु माझ्या मते त्यांची थोरवी ही की, ते नजरेवर थांबत नसत. रोग्याचे रक्त काढून त्यात जंतू वाढतात का, हे प्रयोगशाळेत पाहत.

फेब्रुवारी १९११ मध्ये न्यूयॉर्कला जन्माने यहुदी असलेले थोर संगीतकार गुस्टाव्ह माहलर तापाने आजारी पडले. त्यांची झडप सदोष असल्याचे १९०७ सालीच कळले होते. लिबमन यांनी तपासून रोग ओळखला आणि आपले सहायक डॉ. जॉर्ज बेअर यांना रक्त घेण्यास बोलावले. चारपाच दिवसांत जंतू दिसले. माहलर यांनी खरे काय ते सांगा असा आग्रह धरला, आणि ते त्यांना सांगण्यात आले. मरण यायचे तर व्हिएन्नात यावे, अशी त्यांची इच्छा होती. तेथेच १८ मे १९११ रोजी ते वारले.

१९२४ साली लिबमन व डॉ. बेंजामिन सॅक्स यांनी जंतूंवाचून होणारी झडपांची सूजही दाखवून दिली. तिला आजही दोघांचे नाव आहे.

१९४६ साली लिबमन वारले. जंतूंच्या त्या आजाराचे रोगी पेनिसिलीनने बरे होऊ लागले होते, ते त्याच सुमारास.