सीमेवरचा माणूस : रॉबर्ट शुमान

युरोप खंडात ऱ्हाईन नावाची मोठी नदी आहे. तिच्या पश्चिमेस आल्सेस आणि लॉरेन हे दोन प्रांत वसले आहेत. आल्सेसच्या डोंगरउतारांवर द्राक्षांचे मळे आहेत, तर लॉरेनच्या भूगर्भात लोहखनिजाचे विपुल साठे आहेत. या प्रांतांच्या एका बाजूस फ्रान्स व दुसऱ्या बाजूस जर्मनी. असा समृद्ध प्रदेश दोन्ही शेजाऱ्यांच्या सुखास कारण व्हावयाचा. परंतु तोच त्यांच्या वैराचे मूळ होऊन बसला. १८७१ ते १९४५ या पाऊणशे वर्षांत येथील राज्य चार वेळा बदलले. एखादा दीर्घायुषी शेतकरी आपल्या घराचा उंबरठाही न ओलांडता कधी फ्रेंच ठरे, तर कधी जर्मन! या भांडणाच्या छायेत वाढलेल्या एका गृहस्थांनी पुढे ते मिटविण्याची वाट दाखविली. त्यांचे नाव रॉबर्ट शुमान.

भांडणाची हकीकत अशी. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. त्यात फ्रान्सचा दारुण पराभव झाला. १८७१ च्या तहान्वये आल्सेसचा बहुतेक भाग आणि लॉरेनचा काही भाग नव्याने उदयास आलेल्या जर्मन साम्राज्याने घेतला. जर्मनीचे म्हणणे असे की, येथील बहुसंख्य लोक जर्मन बोली बोलतात आणि पूर्वी कित्येक शतके हा मुलूख जर्मन सम्राटांच्या छत्राखाली होता. म्हणून तो आमचाच. फ्रान्सचे म्हणणे असे की, भाषा कोणतीही असो, येथील लोक मनाने आमचे आहेत आणि त्यांना न विचारता त्यांचे राष्ट्र बदलणे हा अन्याय आहे. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात काही तथ्य होते. म्हणूनच तंटा मिटेना. पॅरिसच्या एका भव्य चौकात फ्रान्समधील मोठ्या शहरांचे प्रतीक म्हणून स्त्रीमूर्ती उभारलेल्या आहेत. त्यांतील स्ट्रासबुर्गच्या मूर्तीला फ्रेंच लोकांनी शोकाचे काळे वस्त्र गुंडाळले. आल्सेसची ही राजधानी परत मिळेपर्यंत ते दुःख त्यांनी जपले. फ्रान्स सूड घेईल या भीतीने जर्मनी आपले सैन्य वाढवी आणि ते सैन्य पाहून फ्रान्सही शस्त्रे जमवी. एका प्रांतासाठी दोन राष्ट्रांची झोप उडाली होती.

लॉरेनच्या सीमेवर एव्हरांज नावाचे एक लहानसे गाव आहे. रॉबर्ट शुमान यांचे वडील तेथले. १८७० च्या युद्धात ते फ्रान्सच्या बाजूने लढले होते. तह झाला आणि त्यांचे गाव जर्मनीत गेले. त्याबरोबर तेही कायद्याने जर्मन झाले. पुढे ते शेजारच्या लक्झेंबर्ग या छोट्या देशात राहावयास गेले. तेथे २९ जून १८८६ रोजी रॉबर्टचा जन्म झाला. आई लक्झेंबर्गची होती. घरात लक्झेंबर्गची बोली, शाळेत जर्मन आणि फ्रेंच, अशा तीन भाषा या मुलाच्या जिभेवर लहानपणीच रुळल्या. बाप फ्रान्ससाठी लढलेला, आई लक्झेंबर्गची आणि मुलगा मात्र जर्मन नागरिक! सीमा ही नकाशावरील नुसती रेघ नसते, ती माणसांच्या घरातूनही जाते, हे रॉबर्टला कोणी शिकवावे लागले नाही.

रॉबर्ट चौदा वर्षांचा असताना वडील वारले. आईने मोठ्या धीराने त्याचे शिक्षण चालू ठेवले. बॉन, म्युनिक, बर्लिन व स्ट्रासबुर्ग येथील विद्यापीठांत त्याने कायद्याचा अभ्यास केला. १९११ साली घोडागाडीच्या अपघातात आईचाही अंत झाला. या आघाताने त्याचे मन संसारातून उडाले आणि धर्मोपदेशक व्हावे, असे त्यास वाटू लागले. परंतु लोकांत राहूनच लोकांची सेवा करावी, हा मित्राचा सल्ला त्याने मानला. १९१२ साली लॉरेनमधील मेट्झ या शहरी त्याने वकिली सुरू केली. शुमान यांनी पुढे विवाह केला नाही. ग्रंथांचा संग्रह, नित्याची प्रार्थना आणि साधी राहणी हाच त्यांचा संसार झाला.

दोनच वर्षांनी पहिले महायुद्ध भडकले. आल्सेस-लॉरेनच्या तरुणांना जर्मन सैन्यात भरती व्हावे लागले. त्यांतील अनेकांचे नातलग समोरच्या फ्रेंच फळीत होते. प्रकृतीच्या कारणास्तव शुमान यांना रणांगणावर जावे लागले नाही. त्यांना कचेरीतील काम मिळाले. १९१८ साली जर्मनीचा पराभव झाला आणि दोन्ही प्रांत फ्रान्सकडे परत आले. मेट्झमध्ये आनंदोत्सव झाला. पण नव्या राज्यकर्त्यांनी लोकांना त्यांच्या आईबापांच्या जन्मस्थानावरून चार वर्गांत विभागून निरनिराळी ओळखपत्रे दिली. जर्मनीतून आलेल्या हजारो कुटुंबांना सीमेपार घालवून देण्यात आले. काल जो शेजारी होता तो आज परका झाला.

१९१९ साली शुमान फ्रेंच लोकसभेवर निवडून आले. तेव्हा एक बिकट प्रश्न उभा होता. जर्मन अमदानीत या प्रांतांत कामगारांच्या आजारपणाच्या व म्हातारपणाच्या विम्याचे चांगले कायदे झाले होते. शत्रूचे म्हणून ते मोडून टाकावेत, असे पुष्कळांना वाटे. शुमान यांनी दोन्ही देशांचे कायदे बारकाईने अभ्यासिले होते. जे हितकर आहे ते कोणी केले याचा विचार न करता राखावे, असा त्यांचा आग्रह होता. वर्षानुवर्षे त्यांनी हे किचकट काम चिकाटीने केले. त्यामुळे तेथील कित्येक स्थानिक कायदे आजही चालू आहेत.

मात्र दोन्ही राष्ट्रांची मने निवळली नव्हती. १९१९ च्या तहाने जर्मनीवर दंडाचा मोठा बोजा लादला होता. तो वेळेवर फेडला जात नाही म्हणून १९२३ साली फ्रान्सने रूर या जर्मनीच्या कोळसाखाणींच्या प्रदेशात सैन्य घातले. अपमानाने जर्मन जनता पेटली. त्या संतापावर हिटलरने आपली सत्ता उभारली आणि १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४० साली फ्रान्स कोसळला व आल्सेस-लॉरेन पुन्हा जर्मनीच्या हाती गेले. तेथे फ्रेंच भाषेला बंदी झाली. पुढे सुमारे १,३०,००० तरुणांना सक्तीने जर्मन सैन्यात ओढण्यात आले.

शुमान यांनाही १९४० च्या सप्टेंबरात मेट्झमध्ये पकडण्यात आले. सात महिने त्यांनी एकान्त कोठडीत काढले. नंतर त्यांना जर्मनीत नजरकैदेत ठेवण्यात आले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तेथून निसटून ते फ्रान्समध्ये पोहोचले आणि महायुद्धाचा उरलेला बराच काळ मठांच्या आश्रयाने लपून राहिले. आपला छळ करणाऱ्यांविषयी मनात विष साठावे, असाच तो काळ होता. परंतु शुमान यांच्या मनात वेगळाच विचार घोळत होता. तीन पिढ्यांत तीन युद्धे झाली. जिंकलेल्याने घेतले, हरलेल्याने सूड उगविला. चौथे युद्ध टळावयाचे असेल, तर ही साखळी कोणीतरी तोडली पाहिजे, असे त्यांना वाटू लागले.

युद्धानंतर शुमान अर्थमंत्री झाले, काही महिने पंतप्रधान झाले आणि १९४८ साली परराष्ट्रमंत्री झाले. त्यांचे उच्चार जर्मन वळणाचे होते. जुने जर्मन नागरिकत्व काढून विरोधक त्यांना भर सभेत शत्रूचा माणूस म्हणून हिणवीत. ते शांतपणे ऐकून घेत व आपले काम पुढे नेत.

आता मुख्य प्रश्न कोळसा व पोलाद यांचा होता. लोहखनिज लॉरेनमध्ये आणि ते वितळविण्यास लागणारा उत्तम कोळसा रूरमध्ये. दोन्ही मिळाली की पोलाद होई आणि पोलादातून तोफा व रणगाडे होत. म्हणूनच प्रत्येक राष्ट्राची दृष्टी दुसऱ्याच्या खाणीवर असे. १९५० च्या वसंत ऋतूत झां मोने या चतुर व अनुभवी अधिकाऱ्याने शुमान यांच्यापुढे एक योजना ठेवली. फ्रान्स व जर्मनी यांचा कोळसा व पोलाद एका समाईक मंडळाच्या देखरेखीखाली आणावा, म्हणजे कोणासही गुपचूप युद्धाची तयारी करता येणार नाही, असे तिचे सार होते. शुमान यांनी ती मेट्झजवळील आपल्या घरी नेऊन वाचली आणि तिची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. योजना दुसऱ्याची होती. पण ती राष्ट्रापुढे मांडण्याचा धोका त्यांचा होता.

९ मे १९५० रोजी सकाळी त्यांचा दूत जर्मन पंतप्रधान आडेनौर यांच्याकडे पोहोचला. आडेनौर यांनी तात्काळ संमती दिली. संध्याकाळी पॅरिसमध्ये परराष्ट्रखात्याच्या दालनात शुमान यांनी आपल्या मंद आवाजात योजना वाचून दाखविली. घाईत छायाचित्रकाराला बोलावणेच राहून गेले होते. म्हणून पुढे छायाचित्रासाठी तो प्रसंग पुन्हा घडवून आणावा लागला! दोन्ही देशांतून विरोध झाला. तरीही १८ एप्रिल १९५१ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग या सहा राष्ट्रांनी करारावर सह्या केल्या.

या नव्या वाटेची परीक्षा लवकरच झाली. लॉरेनला लागून सार नावाचा कोळशाने समृद्ध असा छोटा मुलूख आहे. युद्धानंतर तो जर्मनीपासून वेगळा काढून फ्रान्सच्या वर्चस्वाखाली ठेवला होता. १९५५ साली तेथील लोकांचे मत घेण्यात आले. त्यांनी वेगळे राहण्याची योजना नाकारली आणि १ जानेवारी १९५७ पासून सार पश्चिम जर्मनीत सामील झाले. पूर्वी अशा मुलखासाठी तोफा धडाडल्या असत्या. या वेळी फ्रान्सने लोकांचा कौल मानला, एक गोळीही सुटली नाही. समाईक व्यवस्थेत कोळसा सर्वांनाच मिळत असता त्यासाठी जमीन बळकावण्याचे कारणच उरले नव्हते.

१९५८ साली सहा राष्ट्रांच्या सभेने शुमान यांना आपले पहिले अध्यक्ष निवडले. ती सभा भरे स्ट्रासबुर्ग येथे, ज्या शहराच्या मूर्तीने एके काळी काळे वस्त्र पांघरले होते तेथेच! १९६३ च्या जानेवारीत फ्रान्स व जर्मनी यांनी मैत्रीचा तह केला आणि त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी शुमान यांनी मेट्झजवळील आपल्या साध्या घरी देह ठेवला.

त्यांनी लावलेल्या रोपट्याचा पुढे युरोपीय संघ हा वृक्ष झाला. २०१२ साली त्या संघास शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ९ मे हा दिवस युरोप दिन म्हणून पाळला जातो. आल्सेस व लॉरेन आज फ्रान्समध्ये आहेत. सीमेची रेघ अजूनही ऱ्हाईनच्या पात्रातून जाते. परंतु ज्या नदीवरून एकेकाळी सैन्ये पार झाली, तिच्यावरून २०१७ सालापासून स्ट्रासबुर्गची ट्राम पलीकडच्या जर्मन गावी जाऊ लागली. तिच्यात बसून दोन्ही तीरांवरचे लोक कामाला जातात, बाजार करतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी परततात.