खाजणातील पाखरांचा पालक : डॉ. सलीम अली

समुद्राला ओहोटी लागली की खाडीकाठचा चिखल दूरवर उघडा पडतो. नवख्या माणसाला ती जागा ओसाड, भराव घालून उपयोगात आणण्याजोगी वाटते. परंतु त्या चिखलात कृमी, शिंपले व खेकडे विपुल असतात. चिखल्या, तुतवार, टिलवे यांसारखे पक्षी हिवाळ्यात सैबेरिया व मध्य आशियातून येतात ते याच अन्नासाठी. ज्याची चोच आखूड, तो वरवरचे टिपतो. ज्याची लांब, तो खोलवरचे काढतो. एकाच चिखलावर अनेकांची पंगत बसते. या ओसाड दिसणाऱ्या भूमीचे मोल देशाला पटवून देणाऱ्यांत डॉ. सलीम अली अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपले आणि खेतवाडीतील मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. हा पक्षी कोणता, हे विचारण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील मानद चिटणीस मिलार्ड यांनी त्यांना पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला आणि शिकारी मुलाचा अभ्यासक झाला.

पुढची वाट मात्र सोपी नव्हती. ब्रह्मदेशातील कौटुंबिक व्यवसायात त्यांचे मन रमले नाही. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी पक्षिशास्त्रज्ञाची जागा मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांनी नोकरी धरली. नंतर ते बर्लिनला प्रा. स्ट्रेसमान यांच्याकडे शिकावयास गेले. उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग काढण्याची पद्धतही त्यांनी तेथे पाहिली. १९३० मध्ये परतले, तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीम येथे राहिले आणि तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याचा प्रसिद्ध अभ्यास केला.

याच बेकारीच्या काळात त्यांचा आपल्या हैदराबादशी संबंध आला. केवळ खर्च मिळावा, मोबदला नको, या अटीवर संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी करण्याची त्यांची तयारी होती. निजाम सरकारच्या साहाय्याने १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानाची पाहणी केली. तेलंगण, मराठवाडा आणि कानडी जिल्हे यांनी बनलेले हे संस्थान म्हणजे त्यांच्या प्रादेशिक पाहण्यांची पहिली शाळाच होय. पत्नी तेहमिना यांची त्यांना या भटकंतीत साथ होती. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. हा आघात मोठा होता. तरीही काम थांबले नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक निघाले.

स्थलांतराच्या अभ्यासाला पुढे एका रोगाने चालना दिली. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसेही आजारी पडली. गोचिडीवाटे पसरणाऱ्या या रोगाचा विषाणू सैबेरियातील एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता होता. तो पक्ष्यांबरोबर आला असेल काय, अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ पासून सोसायटीने मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना कडी घालण्यास आरंभ केला. जाळी लावण्यात वाकबगार असलेले बिहारचे मीरशिकार या कामी आले. पक्ष्यांवरील आरोप सिद्ध झाला नाही. परंतु त्यांच्या प्रवासाचे मार्ग मात्र उलगडू लागले.

या अभ्यासातून एक गोष्ट स्पष्ट झाली. हजारो मैल उडणाऱ्या पक्ष्याला वाटेतला प्रत्येक थांबा हवा असतो. एक थांबा बुजला तर पुढच्या प्रवासाचे बळच सरते. तमिळनाडूतील वेदारण्यमजवळचे कोडिक्करै हे असेच ठिकाण. उथळ खाजण, चिखल आणि मिठागरे यांवर तेथे पाणपक्ष्यांचे थवे उतरतात. सलीम अलींनी १९६० नंतरच्या वर्षांत त्याचे महत्त्व ओळखले आणि १९६७ मध्ये तेथे अभयारण्य झाले.

डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९७४ मध्ये पुरा झाला. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्याच सुमारास मिळालेल्या गेटी पारितोषिकाच्या रकमेतून त्यांनी सोसायटीच्या निधीला मोठा हातभार लावला. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. पुढच्याच वर्षी गोव्यात मांडवीच्या पात्रातील चोडण बेटावर त्यांच्या नावाने पक्षी अभयारण्य झाले. २०१५ मध्ये ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्ष्यांनाही अभयारण्य लाभले आणि २०२२ मध्ये ती खाडी रामसर यादीत समाविष्ट झाली.

विद्यार्थी मित्रहो, आपले शहर समुद्रापासून दूर खरे. परंतु तुतवार आणि शेकाटे दख्खनच्या तळ्यांवरही उतरतात. नल्लकुंटा या नावातील ‘कुंटा’ म्हणजे तेलुगूत लहान तळे. आज तेथे दाट वस्ती आहे. तळे बुजते तेव्हा मागे उरते ते केवळ नाव. कोणत्या पाण्यावर कोण येते, किती येतात आणि केव्हा येतात, याची नोंद ठेवणारा कोणीतरी असावा लागतो. कारण ज्याची नोंद नाही, ते गेल्याचे कोणाला कळतही नाही. सलीम अलींनी आयुष्यभर हीच नोंद ठेवली. एक वही, एक दुर्बीण आणि भरपूर चिकाटी एवढ्या भांडवलावर ती आपल्यालाही पुढे नेता येईल.