टो बरोबर, तरी वळताना टायर का घासतात? उत्तर १८१८ च्या पेटंटमध्ये

यावलच्या गॅरेजमध्ये जुनी प्रीमियर पद्मिनी आली, टो बरोबर जुळवला, तरी वळणावर टायर चिरकतातच. अशा वेळी रुडॉल्फ अ‍ॅकरमन आठवावा. इंजिनिअरिंगच्या पेपरात भेटणारा तोच!

अ‍ॅकरमनचा जन्म १७६४ चा, जर्मनीतील सॅक्सनीचा. वडील खोगीर बनवायचे. मुलगा घोडागाड्यांचे डिझाइन करू लागला. पुढे लंडन गाठून १७९५ मध्ये स्ट्रँड रस्त्यावर त्याने छापील चित्रांचे दुकान थाटले. नाव झाले ते त्यातच. अ‍ॅडमिरल नेल्सनच्या अंत्ययात्रेची गाडीही त्यानेच आखली.

तेव्हा बग्गीचा पुढचा अख्खा आस मधल्या खिळ्यावर फिरे, त्यामुळे वळणावर गाडी उलटण्याची भीती असे. म्युनिकच्या गेऑर्ग लांकेन्स्पेर्गरने दोन्ही चाके वेगवेगळी वळवली. आतल्या चाकाचे वर्तुळ लहान, म्हणून ते जास्त वळते. लंडनमध्ये त्याचा एजंट म्हणून अ‍ॅकरमनने १८१८ मध्ये पेटंट घेतले आणि नाव चिकटले ते एजंटचे! शोध लावणारा मागेच राहिला. १८३४ मध्ये अ‍ॅकरमन वारला, तेव्हा बेंझची मोटार यायला अर्धशतक बाकी होते.

तो कोन आजही स्टिअरिंग आर्मच्या तिरपेपणात असतो. आर्म वाकला असेल, तर टाय रॉड फिरवून सरळ चालतानाचा टो जुळतो, वळणावरचा कोन जुळत नाही. त्यामुळे आधी आर्म तपासून घ्या, अलाइनमेंट नंतर.